पत्ते खेळून पोट भरतं का? मुलाला कार्ड गेमचा व्यावसायिक खेळाडू व्हायचंय

धरमपेठची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मुलगा १९ वर्षांचा आहे, इथेच नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सातवीत असल्यापासून 'मॅजिक द गॅदरिंग' नावाचा कार्डांचा खेळ खेळतो. चिप्सच्या पाकिटात पोकेमॉनच्या चकत्या यायच्या, त्यातलाच प्रकार असेल असं मला तेव्हा वाटलं. गेल्या रविवारी जेवताना म्हणाला, "आई, मी एक वर्ष ड्रॉप घेतो आणि पूर्ण वेळ खेळतो. जगात लोक यावर जगतात." त्याचे बाबा अर्ध्या ताटावरून उठले. तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही.

मुलगा वाह्यात नाही. रात्री दोनला त्याच्या दाराखालून उजेड दिसतो म्हणून एकदा आत गेले, तर वहीत काहीतरी लिहीत होता. प्रत्येक डावाची नोंद ठेवतो. इतक्या मन लावून त्याने दहावीचाही अभ्यास केला नव्हता. पण आमच्या घरात 'पत्ते' म्हटलं की सासऱ्यांच्या चुलत्यांनी तीनपत्तीत घालवलेलं काटोलकडचं शेत आठवतं. त्यापुढे बोलणं जातच नाही.

मला कळून घ्यायचंय. हे खरोखर करिअर आहे का? पैसे कुठून येतात? पस्तिशीत ही माणसं काय करतात? 'छंद म्हणून खेळू द्या' एवढंच कृपया लिहू नका, ते मी त्याला सांगून झालंय.

इतवारीकर

ताई, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? एक बॅकलॉग लागला की पोट्टं आपोआप लाईनवर येते.

चौसष्ट_घरं

इतवारीकर, बॅकलॉगची वाट पाहणं हा काही उपाय नव्हे.

ताई, मी शंकरनगरला मुलांना बुद्धिबळ शिकवतो. माझे दोन विद्यार्थी हा खेळ खेळतात, त्यांच्यामुळे मी तो समजून घेतला. घरच्यांना पहिली गोष्ट ही सांगा की तीनपत्तीशी याचा काही संबंध नाही. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो तयार केला, १९९३ साली बाजारात आला. खेळाडू आपला गठ्ठा घरून स्वतः बांधून आणतो. हजारो वेगवेगळ्या कार्डांतून साठ निवडायची, आणि साधी जमिनीची कार्डं (बाकीची कार्डं खेळायला लागणारी ताकद ती देतात) सोडली तर एक कार्ड चारपेक्षा जास्त वेळा ठेवता येत नाही. म्हणजे निम्मा खेळ टेबलावर बसण्याआधीच झालेला असतो. समोरचे लोक काय आणतील, त्याला आपलं उत्तर काय, हे घरी बसून ठरवायचं. आम्ही ओपनिंगची तयारी करतो तसंच.

नशीब आहेच. पण ते मोजता येतं. साठातली चार कार्डं हवी असतील, तर पहिल्या सात पानांत त्यातलं निदान एक येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के. चांगल्या खेळाडूला असे आकडे पाठ असतात आणि उरलेल्या ६० टक्क्यांत काय करायचं तेही त्याने ठरवून ठेवलेलं असतं. तुमचा मुलगा रात्री दोनला वहीत हेच करत असणार.

आणि हो, दहा-पंधरा वर्षांपूर्वी याच गावात पालक मला विचारायचे, "सर, चेसमध्ये काय ठेवलंय?" २०२५च्या जुलैत आपल्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी त्याआधीच, २०१९ला, तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला. आता तो प्रश्न कुणी विचारत नाही.

संत्राबर्फी

+१. फार छान समजावलंत सर.

बजाजनगर_ते_बाणेर

सरांच्या पहिल्या दोन परिच्छेदांना पूर्ण अनुमोदन, पण शेवटचा मला धोक्याचा वाटतो. सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या मुलाच्या जागी मी होतो.

मी नागपूरचाच. नोकरी सोडून चौदा महिने फक्त मॅजिक खेळलो. आता पुण्यात डेटाचं काम करतो.

आधी शिखर सांगतो. प्रो टूर ही या खेळाची मोठी व्यावसायिक स्पर्धा १९९६ साली न्यूयॉर्कला सुरू झाली. जर्मनीच्या काय बुडेने ती सात वेळा जिंकली, तेवढं कुणालाच जमलेलं नाही. ब्राझीलच्या पाउलो व्हितोर दामो दा रोसाने २०२० साली होनोलुलूला जागतिक अजिंक्यपद जिंकलं, त्याचं पहिलं बक्षीस ३ लाख डॉलर होतं, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन कोटींवर. मुलाच्या डोळ्यांपुढे हे चित्र आहे आणि ते खरं आहे.

आता त्याच्या मागचं. २०१६च्या एप्रिलमध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की सर्वांत वरच्या दर्जाच्या खेळाडूंना प्रत्येक प्रो टूरला मिळणारं ३,००० डॉलरचं मानधन आता २५० होणार. जगभर आरडाओरडा झाला, मग तो निर्णय मागे घेतला. २०१९ला मॅजिक प्रो लीग आली. ३२ खेळाडू, प्रत्येकी ७५,००० डॉलरचा वार्षिक करार. आम्हाला वाटलं, आला बाबा पगार! २०२१च्या मे महिन्यात सांगितलं की हा हंगाम संपला की लीग बंद. प्रो टूर पुन्हा उभी राहिली ती थेट २०२३च्या फेब्रुवारीत, फिलाडेल्फियाला.

माझा मुद्दा एवढाच आहे. बुद्धिबळ कुणाच्या मालकीचं नाही. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना उद्या बुडाली तरी घोडा अडीच घरंच चालणार. या खेळात कार्डं कंपनीची, नियम कंपनीचे, स्पर्धाही कंपनीच्या. एका बैठकीत कुणी खर्च कमी करायचं ठरवलं की तुमची दहा वर्षांची तपश्चर्या तिथेच थांबते. आणि त्यात तुमच्या खेळाचा काडीचा दोष नसतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

चौदा महिन्यांत मी बक्षिसांत जे मिळवलं, त्याच्या साधारण तिप्पट प्रवास, प्रवेशशुल्क आणि कार्डांवर घातलं. तरी मी ते वर्ष परत देणार नाही. थकलेल्या डोक्याने नीट निर्णय कसा घ्यायचा, ते त्या वर्षाने शिकवलं. पण ते माझ्या साठवलेल्या पैशांवर होतं, आईबापांच्या नव्हे.

इतवारीकर

बाप्पा! हे तर लईच मोठं प्रकरण निघालं. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो ताई.

फुटाळ्याची_हवा

मला बजाजनगर_ते_बाणेर यांचं पटत नाही. म्हणजे आकडे पटतात, निष्कर्ष नाही.

मी २४ वर्षांचा आहे आणि याच क्षेत्रातून घर चालवतो, पण माझ्या कमाईत बक्षिसांचा वाटा सर्वांत लहान आहे. मुख्य कमाई कार्डांच्या खरेदी-विक्रीची, मग ऑनलाइन शिकवणीची, मग थोडी व्हिडिओंची. मोठी नावं घ्या, तिथेही हेच दिसेल. लेख लिहितात, शिकवतात, थेट प्रक्षेपण करतात, समालोचन करतात. जॉन फिंकेल २०००चा जगज्जेता, आजही सर्वकालीन श्रेष्ठांत नाव घेतात, पण पेशा म्हणाल तर हेज फंडाचा, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे गुंतवण्याचा. कमाईचा कणा दुसरीकडे, म्हणून २००८ला क्वालालंपूरला निवांत जाऊन पुन्हा प्रो टूर जिंकून आला!

शिवाय खेळ एकच नाही. न्यूझीलंडच्या कंपनीचा 'फ्लेश अँड ब्लड' २०१९ला आला, तो रोख बक्षिसं देतो. 'युगिओ'ची कोनामी कंपनी मात्र रोख बक्षीस देत नाही, तिथे दुर्मीळ कार्डं आणि वस्तू मिळतात. कुठल्या खेळात पडायचं हेसुद्धा करिअरच्या दृष्टीने बघावं लागतं.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट दाखवतो. खोटी कार्डं रोज हातात येतात. मॅजिकच्या कार्डाच्या मागे रंगांचे पाच ठिपके असतात. त्यातला हिरवा ठिपका सोनाराच्या भिंगाखाली धरायचा. खऱ्या कार्डात त्या हिरव्याच्या आत चार बारीक लाल टिंबं दिसतात, उलट्या एल अक्षरासारखी मांडलेली. नकली कार्डात तिथे नुसता चिखल असतो. पहिल्या वर्षी हे येत नव्हतं तेव्हा एकाच व्यवहारात अकरा हजारांना बुडालो. घरी सांगायला तीन महिने लागले. ही सगळी अक्कल पुस्तकात मिळत नाही, आणि ती विकता येते.

बजाजनगर_ते_बाणेर

@फुटाळ्याची_हवा, मग आपण एकच बोलतोय की! तू खेळाडू म्हणून नव्हे, व्यापारी आणि शिक्षक म्हणून जगतोस. मुलाला ते सांगायला हवं. त्याला वाटतंय की नुसतं चांगलं खेळलं की झालं.

फुटाळ्याची_हवा

हो, तेवढं मान्य. पण चांगलं खेळल्याशिवाय शिकायला कोण येणार माझ्याकडे?

सदरचा_सीए

करांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे कार्ड गेम आणि तसल्या खेळांतल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. तुमचं उत्पन्न कितीही कमी असो, स्लॅबचा फायदा नाही. आणि त्या बक्षिसासाठी केलेला खर्च, विमान, हॉटेल, कार्डं, त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे बजाजनगर_ते_बाणेर यांच्यासारखा तोट्यातला माणूसही कर भरतो. शिकवणीचं आणि खरेदी-विक्रीचं उत्पन्न मात्र धंद्याचं धरता येतं, तिथे खर्च वजा होतो. पहिल्या दिवसापासून दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवा. अमेरिकेत जिंकलात तर तिथला कर आधीच कापून हातात येतो, त्याची कागदपत्रं जपून ठेवायची.

महालचे_आजोबा

मी ७४ वर्षांचा. आमच्या वाड्यात उन्हाळाभर मेंढीकोट चालायचा. माझा जोडीदार हातातल्या पानांकडे कमी आणि पडलेल्या पानांकडे जास्त बघायचा, आणि तोच जिंकायचा. रमी हा कौशल्याचा खेळ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटलं आहे. तेव्हा पत्ते म्हणजे जुगार, हे आपल्याच डोक्यात बसलेलं आहे, कायद्याच्या नाही.

पैसे लावून ऑनलाइन खेळणं मात्र वेगळं. २०२५च्या कायद्याने त्यावर बंदी आणली आहे, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना वेगळं काढून मान्यता दिली आहे. मुलगा कुठे काय खेळतो ते आईने एकदा शेजारी बसून बघावं. रागावण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी.

संत्राबर्फी

आजोबा, मेंढीकोटचा एक धागा काढाच. आमच्याकडे अजून लग्नघरी रात्रभर चालतो.

कूलरवाली

थोडं अवांतर, पण नागपूरकरांना कामाचं. भावाची फॉइलची, म्हणजे चकचकीत कार्डं मे महिन्यात कूलरसमोरच्या टेबलावर राहिली. चार दिवसांत पापडासारखी वळली! कूलरच्या दमट हवेने कागद फुगतो आणि वरचा चकचकीत थर फुगत नाही, म्हणून कार्ड वाकतं. हे नुसतं दिसण्याचं दुखणं नाही. गठ्ठ्यात वाकडं कार्ड वेगळं ओळखू येतं, म्हणून पंच ते खुणेचं पान धरून दंड करू शकतात. भावाला एका स्पर्धेत ऐन वेळी सहा कार्डं बदलावी लागली होती. तेव्हापासून त्याची कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

फुटाळ्याची_हवा

@कूलरवाली, शंभर टक्के. मी स्पर्धेला फॉइल नेतच नाही.

मानेवाड्याचे_बाबा

माझी मुलगी ११ वर्षांची, पोकेमॉन खेळते. तिथे वयोगट वेगळे असतात, लहान मुलं मोठ्यांत भरडली जात नाहीत. २०२४ला होनोलुलूच्या जागतिक स्पर्धेत मोठ्या गटात चिलीचा १८ वर्षांचा फर्नांडो सिफुएन्तेस जिंकला, बक्षीस ५०,००० डॉलर. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला भेटायला बोलावलं. दिव्याच्या विश्वचषकाचं पहिलं बक्षीसही ५०,००० डॉलरच होतं. माझ्या मुलीने दोन्ही फोटो कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेत.

ताई, मला पैशापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलगा हरल्यावर कसा असतो? माझी मुलगी आधी हरली की कार्डं फेकायची. आता हरल्यावर समोरच्या मुलाला विचारते, "मी कुठे चुकले?" ज्या दिवशी तिने हे पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशी येताना मी तिला आइस्क्रीम खाऊ घातलं. जिंकल्यावर कधी नव्हतं दिलं.

धरमपेठची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धागा परत परत वाचला.

आजोबांनी सांगितलं तसं केलं. काल रात्री त्याच्या खोलीत गेले, म्हटलं, "वही दाखवशील?" आधी गोंधळला. मग दाखवली. प्रत्येक ओळीत तारीख, समोरच्याचा गठ्ठा, आधी कोण खेळलं, निकाल, आणि शेवटच्या रकान्यात चूक. हरलेल्या डावांपुढे चूक लिहिलेली असेल हे कळण्यासारखं आहे, पण जिंकलेल्या डावांपुढेही लिहिलीय! "लवकर हल्ला केला, समोरच्याकडे पान नव्हतं म्हणून वाचलो." मानेवाड्याचे बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

या वर्षीचे एकूण ४१२ सामने, त्यातले २३१ जिंकलेले. हे चांगलं आहे का? त्याला विचारलं तर म्हणतो, "सांगता येत नाही."

बजाजनगर_ते_बाणेर

"सांगता येत नाही" हे फार प्रामाणिक उत्तर आहे ताई. मुलगा हुशार आहे.

२३१ म्हणजे ५६ टक्के. ऐकायला कमी वाटेल, पण या खेळात जगातले अव्वल खेळाडूसुद्धा मोठ्या स्पर्धांत साठ टक्क्यांच्या आसपासच असतात. फरक समोर कोण बसलंय याचा. त्याचे ५६ घरबसल्या भेटणाऱ्या कुणाहीविरुद्ध आहेत, त्यांचे ६० एकमेकांविरुद्ध.

आता हे करून बघा. स्पर्धेत आधी स्विस फेऱ्या होतात, म्हणजे कुणी बाद होत नाही, साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात, मग पहिल्या आठांची बाद फेरी. तिथे जिंकायला सलग तीन सामने जिंकावे लागतात. ५६ टक्क्यांवर ती शक्यता साडेसतरा टक्के, म्हणजे पहिल्या आठांत सहा वेळा पोहोचलात तर एकदा. ६० टक्क्यांवर साडेएकवीस. चार टक्क्यांसाठी माणसं आयुष्य घालवतात, आणि ते मिळाल्यावरही पाचातल्या चार वेळा रिकाम्या हाताने घरी येतात. घरच्यांना हे माहीत असायला हवं, नाहीतर प्रत्येक पराभवानंतर 'बघ, सांगितलं होतं ना' सुरू होतं. मला त्याच वाक्याने सर्वांत जास्त थकवलं.

चौसष्ट_घरं

मी वर बुद्धिबळाची तुलना जरा उत्साहात केली हे कबूल करतो. मालकीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्याकडे खेळ सुटला तरी शिकवणी राहते, ती पिढ्यानपिढ्या चालते.

ताई, ड्रॉप कशासाठी हवाय, हे त्याला विचारलंत का? वर्गात बसायचं नाही म्हणून, की स्पर्धांच्या तारखा परीक्षेशी आदळतात म्हणून? ही दोन अगदी वेगळी कारणं आहेत.

फुटाळ्याची_हवा

सरांचा प्रश्न महत्त्वाचा. पायऱ्या अशा आहेत: दुकानातली पात्रता स्पर्धा, मग प्रादेशिक अजिंक्यपद, मग प्रो टूर, मग जागतिक. ऑनलाइन खेळूनही प्रो टूरपर्यंत जाणारी एक वाट आहे, ती नागपुरात बसूनच चालता येते. पहिल्या पायरीसाठी वर्ष सोडायची गरज नाही, शनिवार-रविवार पुरतात. प्रो टूरची पात्रता मिळाली की सुट्टीचं बोला. तेव्हा तर मी स्वतः त्याच्या बाबांना फोन करेन.

धरमपेठची_आई

सर, विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कॉलेजमध्ये याबद्दल बोलायला एकही माणूस नाही, दिवसभर खोटं वागल्यासारखं वाटतं. म्हणजे वर्ष सोडायचं होतं ते एकटेपणामुळे. हे मला माहीतच नव्हतं हो.

मग बजाजनगर_ते_बाणेर यांचं मालकीचं सगळं त्याला वाचून दाखवलं. लीग बंद झाल्याचं त्याला ठाऊक होतं. "पण असा विचार केला नव्हता," म्हणाला. ड्रॉप सध्या नाही, हे त्याने स्वतःच ठरवलं. पुढच्या महिन्यात मुंबईच्या एका दुकानात पात्रता स्पर्धा आहे, तिथे जायचंय. तिकिटाचे पैसे त्याने जुनी कार्डं विकून जमवलेत.

आणि आज संध्याकाळी मी ओट्याशी होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. बघते तर जेवणाच्या टेबलावर साठ कार्डं मांडलेली, आणि त्याचे बाबा चष्मा कपाळावर चढवून एक कार्ड डोळ्यांजवळ धरून विचारत होते, "हे चार का नाही ठेवले? तीनच का?" पोरगा उत्तर देत होता. पोळ्या गार झाल्या, पण मी कुणालाच हाक मारली नाही.

महालचे_आजोबा

वाचून डोळे भरले.

इतवारीकर

ताई, विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच काढून ठेवा, नंतर वेटिंग लागते. सकाळी मुंबईत उतरवते. पोट्ट्याला म्हणा जिंकला की इतवारीत ये, तर्री पोहे माझ्याकडून. हरला तरी ये.

कूलरवाली

आणि फॉइलची कार्डं घरीच ठेव म्हणावं!

बजाजनगर_ते_बाणेर

मी त्या शनिवारी पुण्याहून मुंबईला येतो. पाच वर्षांत गठ्ठा हातात घेतलेला नाही, पण फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्याच्याशी बोलायला कुणीतरी असेल. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.